आधी डावा पाय

पोरीला सगळे शिट्टीच म्हणायचे. तिचा दम चांगला होता, बोटंही झरझर चालायची. ती क्लॅरिनेट वाजवायला लागली की समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक पाना खाली ठेवून ऐकायचा. घोडं अडलं होतं ते पायाशी. लष्करी बँडच्या चाचणीत वाजवत चालायचं होतं, आणि पहिलं पाऊल डावंच पडलं पाहिजे असा तिथला शिरस्ता. शिट्टीचं दरवेळी उजवं पडायचं.

कारण बापाला ठाऊक होतं. शिट्टी लहानपणी वाजवायला बसली की तिची आई भाजी निवडत तिच्या उजव्या हाताला बसायची आणि आपल्या पायाने पोरीच्या पायावर ठेका धरायची. आई जाऊन वर्ष होत आलं. ठेका मात्र त्या पायात घर करून बसला होता.

"काढून टाक की तो," बाप एकदा म्हणाला. बोलून गेल्यावर त्यालाच कसंसं झालं.

"तुम्ही काढा बघू," शिट्टी म्हणाली.

मग त्याने तो विषय सोडला आणि हत्यारं घेतली. तो बूट शिवणारा. त्याने तिच्या डाव्या बुटाच्या टाचेला लोखंडी नाल ठोकली, म्हणजे डावा पाय पडला की खणकन वाजावं आणि पोरीच्या कानाने तोच पाय धरावा. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत संचलन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. "भावजी, घोडा पाळलाय का?"

"घोडा असता तर एव्हाना शिकला असता."

"बाबा, मी इथंच उभी आहे," शिट्टी म्हणाली.

काकू जायच्या ऐवजी खुर्ची ओढून बसल्या. आठवडाभरात डावा पाय बिनचूक पडायला लागला.

चाचणीच्या दिवशी बाप मैदानाच्या कुंपणाबाहेर, इतर आईबापांत उभा राहिला. पोरं रांगेत बाहेर आली तेव्हा त्याची नजर सवयीने खाली गेली. सगळ्यांच्या पायात बँडचे बूट होते. जाड रबरी तळाचे. वाजणार काय, कपाळ!

बँडमास्तरांनी हात खाली आणला. सूर निघाला आणि शिट्टीचा उजवा पाय पुढे पडला.

बापाने कुंपणाची तार घट्ट धरली. घरी असं झालं की ती थबकायची, वाजवणं सोडून हसायची. इथे ती थांबली नाही. मागचा पाय तिने पुढच्याच्या टाचेशी आणला, उजवाच पुन्हा टाकला आणि रांगेत मिसळून गेली. सूर जराही हलला नाही. हे त्याने शिकवलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती लंगडत बाहेर आली.

"मास्तर म्हणाले, तुझं पाऊल चुकलं."

"मग?"

"म्हणाले, चुकल्यावर वाजवणं सोडत नाहीस, तर ये. सोमवारी सामान घेऊन."

बापाचे डोळे भरून आले, तसा तो खाली वाकला. "लंगडतेस का?"

"बूट चावतात."

"काढ." तो तिथेच फुटपाथवर बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि बूट आतून चाचपला. "टाचेची शिवण बघ कशी मारलीय. एवढं मोठं लष्कर, आणि एक धड बूट शिवणारा नाही."

"बाबा, हळू. मास्तर येतायत."

"येऊ देत," तो म्हणाला. "त्यांचेही बघतो."