तुटक्या कडेचा ठसा

मी एक जुना, जाडजूड आणि खरं सांगायचं तर जरा रागीट संदर्भग्रंथ आहे. पाठीवरची सोनेरी अक्षरं कधीच उडाली, त्यामुळे स्वतःची ओळख मलाच करून द्यावी लागते. मित्रांनो, माझ्या पोटात आमच्या भागातल्या झाडून सगळ्या टपाल कचेऱ्यांचे ठसे आहेत. शिक्का म्हणजे पोस्टातलं ते लाकडी मुठीचं हत्यार, आणि तो तिकिटावर धप्पकन मारला की कागदावर उमटतो तो ठसा. गावाचं नाव आणि तारीख असलेलं एक काळं वर्तुळ. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वर्तुळांवर आख्खा ग्रंथ? हो, आख्खा! आणि तोही बारीक अक्षरांत.

मला जन्म दिला तो भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी. त्यांना या ठशांचं भारी वेड. आपल्या भागातल्या ठशांची माहिती कुठेच एकत्र मिळत नाही, म्हणून त्या हळहळायच्या. शेवटी त्यांनीच पदर खोचला. प्रत्येक कचेरीला त्या एक पत्र पाठवायच्या आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं कोरं कार्ड. ‘कृपा करून यावर आपला शिक्का स्वच्छ उमटवून कार्ड परत पाठवा. शिक्क्याबद्दल काही सांगण्यासारखं असेल तर तेही लिहा.’ उत्तरं काय काय यायची म्हणून सांगू! कुणी नुसती शाई फासून पाठवायचं, कुणी शिक्का उलटा मारायचं. एका पोस्टमास्तरांनी तर कार्डावर चहा सांडला आणि त्याच डागाशेजारी माफी मागितली. बाई चिडायच्या नाहीत. दुसरं कार्ड पाठवायच्या.

आलेला प्रत्येक ठसा त्यांनी हातानं गिरवून काढला, जेवढा असेल तेवढाच. छापखानेवाले काका वैतागायचे.

“बाई, जरा मोठे करू या की! पान कसं भरून दिसेल.”

“आपण शोभेसाठी छापत नाही,” बाई म्हणायच्या. “उद्या कुणाकडे अर्धामुर्धा ठसा असला, तर तो माझ्या चित्रावर ठेवून ताडून बघता आला पाहिजे.”

चित्राखाली त्या पोस्टमास्तरांनी कळवलेली माहिती द्यायच्या. डोंगराकडच्या एका चिमुकल्या कचेरीच्या ठशाखाली अशी ओळ आहे: ‘बाहेरच्या वर्तुळाची कड खाली डावीकडे तुटलेली. पोस्टमास्तर कळवतात, शिक्का हातातून पडला.’ संपलं. एवढी ओळ ध्यानात ठेवा, मित्रांनो.

बाईंनी माझी एक प्रत वाचनालयाला भेट दिली. तो मी. माझ्यावर लाल चिठ्ठी चिकटली, ‘बाहेर न्यायचा नाही’. काय माझा रुबाब होता म्हणता! दर शनिवारी ठसे जमवणारी मंडळी यायची, भिंगं काढायची, माझ्या पानांवर वाकून हळू आवाजात कडाकडा भांडायची. आणि भांडण मिटवायचं कुणी? मीच. “ग्रंथात बघा,” असं कुणीतरी म्हणालं की सगळे गप्प.

पुढे ती मंडळी थकली. कुणी लेकाकडे राहायला गेलं, कुणाला जिने चढवेनात, कुणी गेलंच. पत्रं लिहिणारेही कमी झाले. बऱ्याच कचेऱ्या बंद पडल्या आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. आता निदान झोप तरी मिळेल म्हटलं, तर वाचनालयात संगणक आला. त्याचा पडदा फार खाली बसत होता. नव्या ग्रंथपालबाई आल्या, मला उचललं, पडद्याखाली ठेवलं आणि म्हणाल्या, “वा! बरोब्बर बसलं.”

बरोब्बर बसलं! मित्रांनो, माझ्या डोक्यावर ठेवलेल्या त्या यंत्रात त्यांनी वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांची नोंद केली. कपाटं झाली, टेबलं झाली, राहिलो तो नेमका मी. दातओठ खाल्ले असते, पण ग्रंथाला कुठले दात!

आणि एके दिवशी ती आली. औषधांच्या दुकानात काम करणारी, ठेंगणीशी. हातात पिशवी, डोळे रडून सुजलेले. सोबत गळ्यात टेप अडकवलेले एक म्हातारे शिंपीकाका, तिच्या वडिलांचे जुने मित्र. ग्रंथपालबाईंना तिनं सगळं सांगितलं, आणि मीही खालून ऐकलं.

तिचे वडील निवृत्त पोस्टमास्तर. जन्मभर त्यांनी ठसे असलेली पाकिटं जमवली होती. गेली काही वर्षं त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि आता डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. ते घरी येतील तेव्हा त्यांना संग्रह नव्या वहीत छान लावलेला दिसावा, म्हणून लेकीनं हौसेनं काम काढलं. प्रत्येक पाकिटावरचं तिकीट कात्रीनं कापलं, पाण्यात भिजवलं, सोडवलं, वाळवलं. ओळीनं लावलं. मग शिंपीकाका आले आणि वही बघताच ओरडले.

“अगं वेडाबाई! तो तिकिटं नव्हता जमवत, ठसे जमवत होता! ठसा अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर असतो. तू मधूनच कापलंस की गं!”

“आणि काका, त्यातलं ते एक पाकीटही गेलं,” ती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. त्या एका पाकिटाबद्दल तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती जन्मली त्या दिवशी वडिलांनी स्वतःच्या हातानं त्यावर शिक्का मारला होता आणि ते स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर टाकलं होतं. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला ते काढून दाखवायचे. कापायच्या धांदलीत तेही बाकीच्यांबरोबर कात्रीखाली गेलं होतं.

कापलेली पाकिटं अजून रद्दीच्या गठ्ठ्यात होती, हे नशीब. पण शेकडो अर्धुकं, त्यातली निम्मी पाण्यानं पुसटलेली. कुठलं अर्धुक कुठल्या गावचं, हे कळणार कसं? तिनं फोनवर शोध शोध शोधलं. सगळ्या देशाच्या तिकिटांच्या याद्या मिळाल्या, परदेशातली चकचकीत पुस्तकं मिळाली. आपल्या भागातल्या ठशांचं एक अक्षर नाही.

“कुण्या बाईंनी पुस्तक काढलं होतं हो,” शिंपीकाका म्हणाले. “इथंच बघितल्याचं आठवतंय मला. नाव काही आठवत नाही.”

ग्रंथपालबाईंनी यंत्रात शोधलं. “नाही हो ताई. काहीच दाखवत नाही.”

अहो, खाली बघा! खाली! पण माझं ऐकतो कोण?

“मी एकदा शोधू का?” तिनं विचारलं. खुर्चीत बसली, मान वर केली, थोडा वेळ धडपडली आणि मान चोळत म्हणाली, “पडदा फारच उंच आहे हो. हे खालचं काढलं तर चालेल?”

“काढा की.”

तिनं मला ओढून काढलं. धूळ उडाली, शिंपीकाकांना शिंका आल्या. मिटलेलाच बाजूला सारणार होती, पण माझी बांधणी इतकी खिळखिळी झालेली की मी तिच्या हातातच उघडलो. पानभर वर्तुळं! ती नुसती बघत राहिली. शिंपीकाकांनी नाक पुसलं आणि ओरडले, “हेच! हेच ते! अहो, ह्याला तुम्ही पाट केलात?” ग्रंथपालबाई लाजेनं लाल झाल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

मी बाहेर न्यायचा नव्हतो, म्हणून तीच रोज कामावरून येऊ लागली. एकेक अर्धुक माझ्या चित्रावर ठेवायची आणि अक्षरांची वळणं ताडून बघायची. शिंपीकाका कापडाचा काठ जुळवावा तसे कागदाचे काठ जुळवायचे. बाईंनी चित्रं मोठी करू दिली नाहीत ती किती शहाणपणानं, ते मला तेव्हा कळलं. बरेच ठसे पुन्हा अख्खे झाले.

तिच्या जन्मदिवसाचं ते एक पाकीट मात्र नाही. तुटक्या कडेचं अर्धुक तिला तिकिटावर मिळालं. माझ्या चित्राशी तंतोतंत जुळलं, म्हणजे कचेरी वडिलांचीच. पण तारखेचा अर्धा भाग गठ्ठ्यात नव्हता. तिनं गठ्ठा तीनतीनदा उपसला. नव्हताच.

वडील बरे झाले तेव्हा तिनं त्यांना थेट वाचनालयातच आणलं. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. मला त्यांच्यापुढे उघडून ठेवलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

“बाबा, माझ्या जन्माचा ठसा मीच कापला. अर्धाच उरलाय. मला माफ करा.”

 तिच्या हातातलं तिकीट घेऊन त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं. मग चष्मा वर करून माझ्यावर वाकले आणि ती ओळ वाचली. आणि मित्रांनो, ते हसायलाच लागले.

“‘शिक्का हातातून पडला.’ बाईंनी विचारलं, म्हणून मी कळवलं होतं. पण का पडला, ते लिहायची लाज वाटली.”

“का पडला?”

“अगं, मी शिक्के मारत बसलो होतो. शेजारची मावशी धापा टाकत आली, म्हणाली, मास्तर, मुलगी झाली! शिक्का गेला हातातून, पडला फरशीवर आणि कड तुटली. तुटक्या कडेचा पहिला ठसा मी त्या पाकिटावर मारला. पण पुढे नवा शिक्का मिळेपर्यंत त्या कचेरीतून जे जे पत्र बाहेर पडलं, त्या प्रत्येकावर तीच तुटकी कड गेली. गावोगाव तुझीच बातमी गेली, बाळ. तू एक पाकीट कापलंस म्हणून काय होतंय?”

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. शिंपीकाका उगाचच टेप गुंडाळत बसले. आणि मी? इतकी वर्षं ती खाच पोटात घेऊन बसलो होतो आणि मला काही म्हणजे काही पत्ता नव्हता.

आता मी पुन्हा कपाटात आहे आणि यंत्रातही माझं नाव आहे. पडद्याखाली लाकडी ठोकळा आलाय. मित्रांनो, दुसऱ्याच्या संग्रहाला कात्री लावण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि ‘कुठेच मिळत नाही’ म्हणण्याआधी जरा धूळ झटकून बघा, आमच्यासारखे म्हातारे बहुतेक जवळच कुठेतरी दबलेले असतात. पुस्तकात पेनानं, पेन्सिलीनं कधी काही लिहू नका, हेही माझं कळकळीचं सांगणं आहे.

फक्त त्या एका ओळीपुढचं तेवढं राहू द्या. त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी स्वतःहून आपली पेन्सिल पुढे केली आणि पोस्टमास्तरांनी वाक्य पुरं केलं: ‘मुलगी झाली म्हणून.’ ते कुणी पुसू नका.