बिननंबरी सांगाडा

कारखाना म्हणजे पत्र्याखालची तीन मशिनं, एक लांब टेबल आणि पार्सलं बांधायचा कोपरा. नवरा गेल्यावर तो वहिनी आणि त्यांचा धाकटा दीर, अशी दोघं चालवत. कामगारसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. आधी फक्त पंपांचे सुटे भाग व्हायचे. मग दिराने नवं काम आणलं, पिस्तुलाचे अर्धवट सांगाडे. पुरे केलेले नसल्यामुळे कायद्याच्या लेखी ते नुसते ॲल्युमिनियमचे तुकडे. ना नंबर, ना परवाना. उरलेलं काम गिऱ्हाईक घरी बसून करायचं. वहिनींना ते कधीच रुचलं नव्हतं, पण कायद्यात बसतंय म्हटल्यावर त्याही मूग गिळून गप्प होत्या.

एका सकाळी पोलीस निरीक्षक बाई आल्या आणि त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतलं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"एका बस कंडक्टरच्या खांद्यात गोळी बसली," त्या म्हणाल्या. "जीव वाचला, पण उजवा हात वर जात नाही. हे जवळच्या गटारात सापडलं. नंबर नाही, त्यामुळे माग लागत नाही. आठवडाभर एकेक कारखाना पालथा घालतेय. हे तुमच्याकडचं आहे का?"

"आमचं नाही बुवा ते," दीर पिशवीकडे न बघताच म्हणाला.

वहिनींनी पिशवी दिव्याखाली धरली. सांगाड्याच्या आतल्या कोपऱ्यात केसाएवढे दोन ओरखडे होते, शेजारी शेजारी. गेल्या हिवाळ्यात कटरचा एक दात उडाला होता. लक्षात येईपर्यंत अकरा दिवस प्रत्येक सांगाड्यावर असेच दोन ओरखडे उमटत गेले, आणि तो कटर त्यांनी स्वतःच्या हाताने बदलला होता.

"भाऊजी, हा आपलाच आहे."

दिराने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्या घरातल्या नव्हेतच. "वहिनी, कुणी विचारलंय का तुम्हाला? आपण कायदा मोडलेला नाही."

"त्यांनी विचारलंय ना. त्याचंच उत्तर देतेय." वहिनींनी पार्सलांची वही काढली. त्या अकरा दिवसांतल्या सांगाड्यांची त्रेचाळीस पार्सलं गेली होती. सगळे पत्ते त्यांनी स्वतः उतरवून दिले.

तीन आठवड्यांत गोळी झाडणारा माणूस सापडला. वहिनींना वाटलं, आता झोप लागेल. पण बाकीच्या बेचाळीस पत्त्यांचं काय, हा भुंगा डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास सरकारने नवा नियम मांडला. अर्धवट सांगाड्यावरही नंबर हवा आणि घेणाऱ्याची ओळख तपासायलाच हवी. लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी ठेवली. कारखानदार संघटनेचे अध्यक्ष दारात हजर झाले.

"तुम्ही बोला वहिनी," ते म्हणाले. "छोटा कारखाना, बाईमाणूस. तुमचं ऐकतील. सांगा, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"बोलते," वहिनी म्हणाल्या. अध्यक्ष खूश होऊन गेले.

सुनावणीच्या दालनात पुढच्याच रांगेत तो कंडक्टर बसला होता. पाण्याची बाटली मांडीत दाबून डाव्या हाताने झाकण फिरवत होता. ते फिरेना, शेवटी शेजारी बसलेल्या बाईने उघडून दिली. वहिनींचं नाव पुकारलं, तशा त्या उठून पुढे गेल्या.

"मी हे सांगाडे करते," त्या म्हणाल्या. "हा नुसता धातूचा तुकडा आहे असं मीही दोन वर्षं म्हणत आले. पण घेणाऱ्यांपैकी एकानेही तो कागदावर ठेवायला वजन म्हणून घेतलेला नाही. त्या पिस्तुलाचा माग लागला तो आमचा कटर तुटका होता म्हणून. कटर धड असता तर आज कुणाला काही कळलं नसतं. पंपाच्या झडपेवर आम्ही नंबर ठोकतो, ती गळली तर कुणाची ते कळावं म्हणून. मग यावर का नको?"

अध्यक्ष बाहेर पडताना पुटपुटले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." वहिनींनी ते ऐकलं आणि चालत राहिल्या.

नियम झाला. संघटनेने त्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं, निम्मी कामं तुटली, आणि दीर दोन महिने कामापुरतंच बोलला. वहिनींनी पंपवाल्यांचे उंबरठे झिजवून जमेल तेवढं काम परत आणलं. शिल्लक राहिलेल्या दोनशे सांगाड्यांवर त्यांनी स्वतः हातोडीने नंबर ठोकले. चार दिवस लागले, मनगट सुजलं. चौथ्या दिवशी दीर समोर येऊन बसला आणि सांगाडे एकेक करून शिकंज्यात धरू लागला.

पुढच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. सांगाडा उचलून त्याने नंबरावर अंगठा फिरवला. "बिननंबरी नाही का? आणि ओळखपत्र वगैरे कशाला?"

वहिनी हात पुसत उठत होत्या, तोवर दिराने तो सांगाडा त्याच्या हातातून काढून घेतला.

"पुढच्या गल्लीत मिळेल मला," गिऱ्हाईक म्हणालं.

"तिथेही नंबर लागतो आता," दीर म्हणाला, "आणि नसेल लावत, तर कुठली गल्ली ते सांगून जा."

गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून गेलं. वहिनींनी मशीन सुरू केलं. संध्याकाळपर्यंत साठ झडपा द्यायच्या होत्या.