करवतीसारखा आलेख

वडील गेल्यापासून तिचं कशातच चित्त लागत नव्हतं. प्रयोगशाळेत तर हात आपोआप इनक्युबेटरच्या दाराकडे जाई.

आत उबेत धाकट्या भावाच्या पेशी होत्या. तो लहान असताना कॅन्सरच्या औषधांनी त्याच्या शरीरात शुक्राणू बनणं कायमचं बंद होणार होतं, तेव्हा वडिलांनी हट्टाने वृषणाचा बारीक तुकडा आधीच गोठवून घेतला होता. "आज नसेना, उद्या उपयोग होईल," एवढंच ते म्हणाले होते. आता त्यातल्या मूळपेशी वाढवून भावाच्या शरीरात परत सोडायच्या होत्या. तुकडा दोन नळ्यांत गोठवलेला होता; त्यांपैकी एक उघडली होती.

या पेशींचं सगळं नाजूक. जनुकं तीच, पण त्यांवरच्या रासायनिक खुणा ठरवतात, पेशीनं मूळ राहायचं की शुक्राणू व्हायला निघायचं. सगळ्याच निघाल्या तर मागे नवे घडवणारं कुणी उरत नाही.

भावाचा फोन आला. "ताई, माझी पोरं काय म्हणतात?"

"पोरं कसली, पेशी आहेत अजून."

"बाबांवर गेली असणार. हाक मारल्याशिवाय उठायची नाहीत."

ती हसली, आणि फोन ठेवून पुन्हा दार उघडून पाहून आली. पोषकद्रव बदलतानाच दार उघडायचं, हा नियम नव्यांना तीच शिकवत असे.

तपासणीत खुणा बदललेल्या निघाल्या. बहुतेक पेशी शुक्राणू व्हायच्या वाटेला लागल्या होत्या. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे कासव म्हणत, इनक्युबेटरच्या तापमानाची नोंद बघत राहिला.

"अगं, हा आलेख आहे की करवत? इतक्यांदा गार हवा लागल्यावर कोण थांबेल?"

दवाखान्यात बाबांच्या खोलीचं दारही ती असंच उघडत असे. श्वास चालू आहे ना, एवढंच बघायला.

भावाला तिने सरळ सांगितलं. "पहिली नळी गेली. माझ्यामुळे."

"दुसरी तूच सांभाळ. बाबांनी तुलाच सांगितलं असतं."

"म्हणूनच नको. कासव सांभाळेल."

"नाव ऐकून धीर येत नाहीये, ताई."

"मला येतोय."

आपलं प्रवेशाचं कार्ड कासवाकडे देऊन ती भावाकडे राहायला गेली. भावजयीनं तिच्यापुढे मटार सोलायला ठेवले. तिने एकेक शेंग दोनदोनदा तपासली. एका सकाळी कासवाचा फोन आला.

"खुणा जागच्या जागी आहेत. वाढतायत. आणि बघायला येऊ नकोस."

"नाही येत," ती म्हणाली. एक पाय चपलेत गेला होता. तो तिने बाहेर काढला.