हात न लावलेला कप

ऑगस्टातल्या त्या शनिवारी डनलार्क गावात कप आला, आणि मायरन हावरिश सकाळपासून गॅरेजमध्ये गवत कापायचं मशीन उघडून बसला. मशीनला काहीही झालेलं नव्हतं.

कप आणला होता कोल्बी फ्राइजननं. या कोल्बीला स्केट्सवर उभं राहायला मायरननंच शिकवलं होतं, घरामागच्या अंगणात पाणी मारून गोठवलेल्या बर्फावर. यंदा कोल्बीच्या संघानं मोठी लीग जिंकली. जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकाला कप एक दिवस आपल्याकडे ठेवायला मिळतो, म्हणून आपल्या वाट्याच्या दिवशी तो कप गावात घेऊन आला होता. सगळं गाव बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर लोटलं. ज्याला जन्मात बर्फावर धड उभं राहता आलं नाही, त्या ड्वेन न्हाव्यानं कप डोक्यावर उचलून फोटो काढून घेतले. फ्राइजनांचं तान्हं बाळ त्यात बसवलं, आणि बाळानं जे करायचं ते केलं. मग त्याच कपात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरून सगळ्यांना वाटल्या. मधे तो धुतला की नाही याबद्दल गावात दोन मतं आहेत.

मायरन तेवढा गेला नाही. हॉकीवाल्यांचा एक दंडक आहे. जो खेळत नाही त्याला सगळं माफ. त्यानं कप उचलावा, चाटावा, त्यात झोपावं. खेळाडूनं मात्र जिंकल्याशिवाय त्याला बोट लावायचं नाही. लावलं, तर कप त्याच्या नशिबी कधीच येत नाही.

"पण तुला खेळ सोडून वीस वर्षं होऊन गेली!" त्याची बायको ग्वेन गॅरेजच्या दारातून म्हणाली. "आता कुठून जिंकणार आहेस? गुडघ्यात अर्धा किलो लोखंड आहे तुझ्या."

"गुडघ्याचा इथं काय संबंध?"

"म्हणजे अजून बोलावणं येईल म्हणतोस?"

मायरननं मशीनचं एक पातं काढून फडक्यानं पुसलं. येणार नाही हे त्यालाही कळत होतं. पण हात लावला असता तर सगळं कायमचं मिटलं असतं, आणि ते त्याला मिटवायचं नव्हतं. साठी उलटलेल्या माणसानं असं वागणं हास्यास्पद आहे, हेही त्याला मान्य होतं.

चौदा हंगाम तो मोठ्या लीगमध्ये खेळला. तीन शहरं झाली, पाच दात गेले, नाक दोनदा सरळ करून झालं. अंतिम फेरीत तो दोनदा पोचला. दुसऱ्या वेळी सातवा, निर्णायक सामना जादा वेळेत गेला होता, आणि मायरनच्या काठीनं मारलेला पक, ती रबरी चकती, गोलच्या खांबावर आपटून टण्णकन बाहेर आला. जरा आत असता तर? पुढच्याच मिनिटाला समोरच्यांनी गोल केला. हातातोंडाशी आलेला घास गेला. रिवाजाप्रमाणे रांगेत उभं राहून त्यानं जिंकलेल्या प्रत्येकाशी हात मिळवला. मग ते लोक कप उचलून बर्फावर फिरायला लागले. कप त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेला, तेव्हा त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

पण गॅरेजमध्ये बसून त्याला ते सामने आठवत नव्हते. आठवत होती ती आईची निळी पिकअप. वडील धान्याच्या कोठारावर रात्रपाळीला, त्यामुळे पोराला पहाटे सरावाला न्यायचं काम आईचं, स्टेफाचं. सगळी शेतं बर्फाखाली गाडलेली, रस्ता कुठं आणि खड्डा कुठं कळू नये असा अंधार, आणि गाडीचा हीटर कायम बिघडलेला. ती एका हातानं काच खरवडायची, दुसऱ्यानं गाडी हाकायची आणि तोंडानं त्याचा उद्धार करायची. "काल त्या पोराला मोकळा का सोडलास? पाहुणा होता का तो तुझा?" घोंगडीत गुंडाळलेला मायरन कोबीच्या सुपाचा थर्मास पोटाशी धरून बसायचा. चौदा वर्षांत विमानानं, बसनं तो सगळा देश फिरला, पण त्या गाडीत वाटायचं तेवढं सुरक्षित त्याला पुन्हा कुठंच वाटलं नाही. कप जिंकायचा, तो आईच्या मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचं, घे. एवढंच मनात होतं.

दुपारी कोल्बीच गॅरेजमध्ये आला. बरोबर पांढरे हातमोजे घातलेला कपाचा राखणदार. कप गाडीत होता.

"कोच," कोल्बी चाचरत म्हणाला, "स्टेफाआजींकडे नेऊ या का? संध्याकाळी कप परत जाणार आहे."

स्टेफा नव्वदीची. वसंतापासून ती वृद्धाश्रमातल्या पलंगावरून उठली नव्हती, आणि पुढचा बर्फ ती बघेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. मायरनला आधी रागच आला. माझ्या आईला कप द्यायला दुसऱ्याचा मुलगा! मग त्या रागाचीच लाज वाटली.

"तिच्या मनगटात जोर नाही," तो म्हणाला. "दोघांनी धरावा लागेल."

"एक बाजू मी धरीन. दुसरी..."

"मी धरीन," मायरन म्हणाला आणि हात धुवायला गेला. साबण लावून लावून त्यानं ग्रीस काढलं. आता लावायचाच हात. तिला तेवढं तरी मिळू दे, मग आपलं काय मिटायचं ते मिटो.

वृद्धाश्रमात स्टेफा उशीला टेकून बसली होती. राखणदारानं कप पलंगाजवळच्या टेबलावर ठेवला. तिनं तो वरपासून खालपर्यंत पाहिला, त्यावर कोरलेली नावं पाहिली, मग कोल्बीला जवळ ओढून त्याच्या गालाचा मुका घेतला.

"छान खेळलास. डावीकडून जरा आळशी आहेस, पण छान."

"आजी, मांडीवर देतो. हात लावा ना."

कोल्बीनं एक बाजू धरली. मायरननं श्वास घेतला आणि दोन्ही हात पुढं केले. तोच मनगटावर फटका बसला.

"हात मागं घे!"

"आई, तुझ्यासाठी धरतोय. माझं आता काय राहिलंय?"

"मला नको. न्या तो. नर्सबाईंना द्या, त्या खूश होतील. आपण कुठं जिंकलोय अजून?"

"पण आजी," कोल्बी हसत म्हणाला, "तुम्ही थोड्याच खेळाडू आहात?"

"मग पहाटे गाडी कोण हाकत होतं? तुझा आजोबा?"

कोल्बीचं हसू तिथंच विरलं. स्टेफा चादरीची घडी नीट करत मायरनला म्हणाली, "चर्चच्या बायकांची टोरांटोला सहल गेली होती ना, हा कप ठेवतात त्या हॉकीच्या संग्रहालयात? सगळ्याजणी या कपाला मिठ्या मारून आल्या. मी बाहेर बाकावर बसले त्यांच्या पर्सा सांभाळत. म्हटलं, पाय दुखतात."

"तेव्हा मी खेळणं सोडून दिलं होतं, आई."

"हो. म्हणून काय झालं?"

इतकी वर्षं मायरन समजत होता की आपण एकटेच हरलो. तो पलंगाच्या कडेला बसला आणि कोल्बीसमोर, त्या हातमोजेवाल्या परक्या माणसासमोर, हमसून हमसून रडला. आईनं त्याला रडू दिलं. मग त्याचे साबणाचा वास येणारे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

"बघू," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी."