पूल आला की सांगा

रायपूरहून वाळवंटात जायचं तर गाडीचं तोंड पश्चिमेला करावं लागतं, आणि ते केलं की गाव संपता संपताच खारून नदी आडवी येते. हे दिवाकर मोहरिलांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांची सगळी नोकरी सेतू विभागात गेली. कुठल्या नाल्यावर पूल केव्हा झाला आणि कोणत्या पुरात कुठला खांब खचला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि अशा माणसावर निवृत्तीनंतर पाळी कोणती यावी? तर एकही नदी लागणार नाही असा रस्ता शोधायची. दैवाला थट्टा करायला माणसंही अगदी नेमकी सापडतात.

असा रस्ता हवा होता त्यांच्या बायकोला, विमलाबाईंना. आणि न्यायचं होतं भार्गवला.

भार्गव त्यांचा धाकटा. नवा रायपूरला एका कंपनीत नुकता लागला होता. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता ऑफिसातल्या मित्रांबरोबर महानदीवर एका एनीकटवर गेला. एनीकट म्हणजे नदीत घातलेला बुटका बांध. त्याच्यावरून पाणी वाहत असतं आणि तरण्या पोरांना ती घसरगुंडी वाटते. भार्गवचा पाय शेवाळावरून सटकला. मित्रांनी आरडाओरडा केला, गावातले लोक धावले, पण तो हाती लागला दुसऱ्या दिवशी सकाळी.

दहन झालं. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आणल्या. दिवाकररावांचे मोठे भाऊ नरहरी म्हणाले, उद्याच राजिमला महानदीच्या संगमावर जाऊ. तोवर विमलाबाईंच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. त्या उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ज्या पाण्यानं नेलं त्याच पाण्यात टाकता? माह्या पोराले पुन्हा बुडवता?"

नरहरीभाऊंनी शास्त्र काढलं, गती मिळणार नाही म्हणाले, शेवटी रुसून घरी गेले. अस्थी घरात घेत नाहीत, म्हणून लाल फडकं बांधलेला तो कलश मागच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाला टांगला होता. तो तिथंच राहिला. त्यांच्या आळीत, ब्राह्मणपाऱ्यात, घरं एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे कोणाच्या अंगणात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. लोक आधी कुजबुजले, मग समजूत घालून थकले, मग त्यांनी त्या झाडाकडे बघायचं सोडून दिलं. यंदा पाऊस सुरू झाला तेव्हा विमलाबाईंनी कलशावर छत्री बांधली. स्वतः भिजत उभ्या राहून बांधली. दिवाकररावांनी ते खिडकीतून पाहिलं आणि त्यांचं काळीज फाटलं, पण ते बाहेर गेले नाहीत.

मग कार्तिकात एका संध्याकाळी टीव्हीवर वाळूचे डोंगर दिसले. नुसती वाळू, वारा आणि एक उंट. विमलाबाई भाजी निवडायची थांबल्या.

"तिथं नेऊ त्याले," त्या म्हणाल्या. "तिथं पाणीच नाही."

दिवाकरराव ताबडतोब "हव, नेऊ" म्हणाले. सव्वा वर्षात तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. चंद्र मागितला असता तरी ते शिडी शोधायला निघाले असते.

रविवारी थोरली मुलगी देवश्री गावातल्याच तेलीबांध्याहून लॅपटॉप घेऊन आली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"बाबा, जोधपुर तक फ्लाइट से चले जाओ ना. इतने दिन गाड़ी में बैठोगे?"

"विमानात त्याले सामानाच्या पट्ट्यावर टाकू का?" विमलाबाई म्हणाल्या. "अन् रेल्वेत लोक पाय लावतात. आपली गाडी पाह्यजे. माह्या मांडीवर राहील तो."

म्हणजे स्वतंत्र गाडी, ओळखीचा ड्रायव्हर, वाटेत मुक्काम. बंडूला सांगायचं ठरलं. तो गेली अनेक वर्षं दिवाकररावांना साइटवर न्यायचा. माणूस कमी बोलणारा आणि गाडी सांभाळून चालवणारा. देवश्रीनं हॉटेलं शोधली, वाळवंटातला एक तंबूंचा मुक्काम शोधला आणि एका प्रवास कंपनीनं पाठवलेला कार्यक्रम मोठ्यानं वाचायला घेतला.

"पहला दिन जैसलमेर. किला, हवेली, शाम को गड़ीसर लेक, बोटिंग..."

ती एकदम थांबली.

"वाळवंटातही तळं खोदून ठेवलं का मेल्यांनी?" विमलाबाई म्हणाल्या.

दिवाकररावांना हसू फुटलं. विमलाबाईंनाही आलं. ते घरात इतक्या दिवसांनी उमटलेलं हसू होतं, आणि ते आल्याची दोघांनाही लाज वाटली. देवश्रीनं मान खाली घालून तळं खोडून टाकलं.

त्यानंतर दिवाकरराव रोज जेवण झालं की नकाशा पसरून बसायचे. फोनमधल्या नकाशाला विचारून पाहिलं. त्याला टोल टाळता येतो, हायवे टाळता येतो, नावेची फेरीसुद्धा टाळता येते; नदी टाळा असं काही त्याला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तरी उपयोग नव्हता. खारून चुकवली तर महानदी, आणि तिचं तर नावही काढायचं नव्हतं. पुढे शिवनाथ, पुढे वैनगंगा, नर्मदा, चंबळ. ज्या नद्यांच्या पाण्याची खोली मोजण्यात आणि त्यांना बांधून काढण्यात हयात घालवली, त्या सगळ्या आता वाटेत उभ्या होत्या. एकदा त्यांनी तो नकाशा चुरगळला. मग पुन्हा सरळ करून हातानं सुरकुत्या काढत बसले.

शेवटी त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "विमल, नदीबिगर रस्ता नाही. मी सगळं पाहून घेतलं."

त्या रडल्या नाहीत. विचार करत बसल्या. मग उठून भार्गवचा निळा स्वेटर घेऊन आल्या.

"मी ह्याच्यात गुंडाळून घेईन त्याले. त्याले दिसलं नाही पाह्यजे. तुम्ही फक्त पूल आला की सांगा."

"सांगतो."

"प्रत्येक वेळी सांगा. लहान पूल असला तरी."

"हव, सांगतो."

स्वेटर हातात घेऊन त्या बसल्या होत्या आणि दिवाकररावांना नको ते आठवत होतं. भार्गव दहा वर्षांचा असताना पोहायला शिकायचं म्हणून मागे लागला होता. त्याचे कान दुखायचे, म्हणून विमला नको म्हणाली. दिवाकरराव स्वतः पट्टीचे पोहणारे. साइटवर सुट्टीच्या दिवशी नदी पोहून पार करायचे. ते तिला म्हणालेही होते, अगं, काही अवघड नसतं, पोटाखाली हात धरला की पोर आपोआप हातपाय मारतं. पण त्यांना कामावर जायची घाई होती, ती नको म्हणत होती, आणि विषय तिथंच राहिला. भार्गव गेल्यापासून हे दोघांपैकी कोणी कधी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. ते रोज ताटावर दोघांच्या मध्ये येऊन बसायचं.

निघायच्या दोन दिवस आधी दुपारी दिवाकररावांनी तंबूवाल्याला फोन लावला. आपल्याला उंट नको, नाचगाणं नको, फक्त लोकांपासून दूर अशी एक वाळूची टेकडी हवी. विमलाबाईंना ऐकू जावं म्हणून त्यांनी स्पीकर चालू ठेवला होता.

"किसलिए, बाबूजी?" त्यानं विचारलं.

दिवाकररावांनी अडखळत सांगितलं. तो माणूस भला होता. जागा मिळेल म्हणाला, गाडी जाईल तिथपर्यंत नेऊ म्हणाला. पण त्याच्या मागून एका म्हातारीचा आवाज यायला लागला, काय आहे, कोण आहे, आणि मग तिनं फोनच हातात घेतला. त्याची आई असावी.

"बेटा, हमारे यहाँ से तो लोग फूल लेकर गंगाजी जाते हैं. और तुम वहाँ से यहाँ ला रहे हो?"

अस्थींना तिकडे फूलच म्हणतात.

"यहाँ तो हम जिंदा लोग पानी को तरसते हैं," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता कळवळा होता. "बच्चे को रेत में छोड़ जाओगे, तो उसको पानी कौन देगा?"

दिवाकररावांनी घाईघाईनं फोन बंद केला आणि बायकोकडे पाहिलं. विमलाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

भार्गवला फार तहान लागायची. लहानपणापासून. रात्री दोनदा उठून आई पाणी, आई पाणी करायचा. मोठा झाल्यावर स्टीलची बाटली उशाशी घेऊन झोपायला लागला, आणि तरी सकाळी बाटली रिकामीच असायची. "उंटाच्या जन्मातला आहे पोट्टा," असं विमलाबाई म्हणायच्या. ते त्यांनी आणि दिवाकररावांनी एकाच क्षणी आठवलं असणार, कारण दोघांनीही एकमेकांकडून नजर काढून घेतली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी विमलाबाई काही बोलल्या नाहीत. निघायचं की नाही हे विचारायचा दिवाकररावांना धीर झाला नाही. ती नाही म्हणाली तर पुन्हा तो पेरू, ती छत्री, आणि ही बाई त्या झाडाखाली. ह्या प्रवासाच्या तयारीत ती जेवायला लागली होती, कपाट आवरायला लागली होती. ते सगळं जाईल ह्या धास्तीनं त्यांनी मुकाट्यानं पिशव्या भरल्या. तिनंही चिवडा केला, पराठे बांधले.

ठरल्या दिवशी उजाडताच बंडू गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. विमलाबाईंनी झाडावरून कलश उतरवला, स्वेटरमध्ये गुंडाळला आणि पोटाशी धरून मागच्या सीटवर बसल्या. दुसऱ्या हातात ती स्टीलची बाटली होती. भरलेली.

हायवेवरचा मोठा पूल नको म्हणून त्यांनी खारूनच्या महादेव घाटावरून जाणारा जुना रस्ता ठरवला होता. पूल लहान, क्षणात ओलांडून होईल. धुकं होतं. दुकानं अजून उघडायची होती. देवळाचा कळस दिसायला लागला तसे दिवाकरराव सावरून बसले. आयुष्यात इतके पूल बांधले, पण पूल आला हे दोन शब्द एवढे जड असतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"विमल," ते म्हणाले, "पूल आला."

विमलाबाईंनी स्वेटर आवळला नाही. उलट हळूच त्याची घडी उलगडली. कलशाचं लाल फडकं उघडं पडलं.

"बंडूभैया, गाडी थांबवा," त्या म्हणाल्या.

बंडूनं गाडी बाजूला घेतली. दिवाकरराव वळून बघत राहिले.

"तिथं त्याले पाणी कोण देईल?" विमलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मी तर वापस येऊन जाईन. तो रात्री उठला तर?"

सव्वा वर्षात दिवाकरराव रडले नव्हते. लोकांना वाटलं माणूस खंबीर आहे, आणि त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. आता ते पुढच्या सीटवर बसून लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. बंडू खाली उतरला आणि पाठ करून उभा राहिला.

मग दोघं घाटाच्या पायऱ्या उतरले. देवळातून एक पुजारी आले, काय आहे ते त्यांनी न विचारता ओळखलं, दोन मंत्र म्हणून बाजूला झाले. विमलाबाई शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबल्या. तिच्या खाली जायला त्यांचे पाय तयार होईनात. त्यांनी कलश नवऱ्याच्या हाती दिला, आणि बाटलीतलं पाणी थोडं थोडं करून त्याच्यावर ओतलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत.

दिवाकरराव कपड्यांसकट पाण्यात उतरले. पाणी थंडगार होतं. कमरेपर्यंत आलं तेव्हा त्यांनी फडक्याची गाठ सोडली आणि कलश वाकवला.

"अहो," विमलाबाई पायरीवरून ओरडल्या. "हळू सोडा. त्याले पोहता येत नाही."

दिवाकररावांनी दुसरा हातही पाण्यात घातला आणि कलशाच्या पोटाखाली धरला.