तिसरा प्रश्न

बाईंनी प्रश्नपेटी उलटी करून आतल्या जुन्या टाचण्या झाडल्या, पेटी टेबलाच्या कडेला ठेवली आणि सभागृहातली माणसं मोजली. सतरा. त्यातले दोघे नुसते पंख्याखाली बसायला आलेले होते, पण माणूस तो माणूस.

मानव्यविद्या केंद्राच्या कार्यालयाचा गाडा बाई चौदा वर्षं ओढत होत्या. आज व्याख्यान देणाऱ्या संशोधक मुलीला सगळं केंद्र चिमणी म्हणे, कारण तिचा आवाज दुसऱ्या रांगेपुढे जात नसे. तिला दुसऱ्या वर्षाचं अनुदान मिळायचं तर जाहीर व्याख्यान द्यायला हवं होतं आणि श्रोत्यांच्या निदान तीन प्रश्नांच्या चिठ्ठ्या फाइलला जोडायला हव्या होत्या. लोकांना विषयात रस आहे, याचा तो पुरावा. अनुदान समितीच्या सदस्या पहिल्या रांगेत येऊन बसल्याही होत्या. चिठ्ठ्या कमी पडल्या, तर चिमणीला गाशा गुंडाळावा लागणार होता.

आता श्रोते काही चिठ्ठ्या लिहीत नाहीत, ते घड्याळ बघतात. म्हणून बाई दर व्याख्यानाला मागच्या खुर्चीत बसून तीन वेगवेगळ्या वळणांच्या अक्षरांत तीन प्रश्न लिहीत आणि पाणी ठेवायच्या निमित्ताने हळूच पेटीत टाकत. हे त्यांचं गुपित होतं. आजवर त्यांनी एकाही संशोधकाला तोंडघशी पडू दिलं नव्हतं.

चिमणीचा विषय होता, आईवडिलांनी मुलांना झोपवताना मनाने रचलेल्या गोष्टी. कुठल्याच पुस्तकात नसलेल्या, घरातल्या घरात विरून जाणाऱ्या. त्या ती घरोघर जाऊन गोळा करत होती. पाण्याला घाबरणाऱ्या नावेची गोष्ट तिने सांगितली, तेव्हा बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग किल्ली हरवलेल्या ढगाची गोष्ट आली आणि पेन हातातच राहिलं. बाईंना बाबांचा उंट आठवला. नोकरी शोधायला निघालेला, प्रत्येक कचेरीच्या दारात मान अडकवून घेणारा उंट. लहानपणी त्या रोज ती गोष्ट ऐकत आणि रोज मध्येच झोपून जात. बाबा आता लांब, भावाकडे राहत होते. बाईंना त्यांची फार फार आठवण आली.

टाळ्या वाजल्या, तेव्हा मांडीवरचे तिन्ही कागद कोरे होते.

केंद्राचे संचालक पेटीकडे गेले. एका स्वल्पविरामासाठी पत्र परत पाठवणारा माणूस. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि पेटीत हात घातला.

"पहिला प्रश्न," एक कागद डोळ्यांपुढे धरून संचालक म्हणाले. "याच गोष्टी दुसऱ्या कुणी सांगितल्या, तर मुलांना का चालत नाही?"

बाई बघतच राहिल्या. चिमणीने अडखळत उत्तर दिलं. संचालकांनी दुसरा कागद काढला. एकाच घरातली दोन भावंडं तीच गोष्ट वेगवेगळी का सांगतात? या उत्तराला चिमणीचा आवाज पार पाचव्या रांगेपर्यंत पोचला. तिसऱ्यांदा मात्र पेटीत गेलेला हात बाहेर येईना. संचालकांनी चष्म्यावरून थेट बाईंकडे पाहिलं.

बाई उभ्या राहिल्या. "चहा बाहेर ठेवलाय" याखेरीज त्या या सभागृहात कधी काही बोलल्या नव्हत्या.

"तिसरा प्रश्न माझा आहे," त्या म्हणाल्या. "मूल झोपून गेलं, की मोठी माणसं गोष्ट तिथंच सोडतात, की पुढं सांगतात?"

चिमणीने वही मिटली.

"हे मी कुणालाच विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

"माझी आई पूर्ण सांगायची," समितीच्या सदस्या एकदम बोलून गेल्या. "मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे."

मग पंख्याखालच्या दोघांनाही कंठ फुटला आणि सभा काही आवरेना. निघताना सदस्या संचालकांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तिला सगळ्या घरांत परत जायला सांगा. फाइल पाठवून द्या."

सभागृह रिकामं झाल्यावर संचालकांनी खिशातले दोन कागद बाईंपुढे ठेवले. एक पंखेदुरुस्तीची पावती होती, दुसरा त्यांच्या चष्म्याचा नंबर.

"मी विचारलेले दोन प्रश्न नीट चिठ्ठ्यांवर उतरवा."

"सर, तुम्ही..."

"त्या तिरक्या अक्षरात लिहा. ते मला तुमच्या तिन्हींत जास्त आवडतं," संचालक म्हणाले. "तिसरा मात्र तुमच्या स्वतःच्या अक्षरात."

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या, फाइलला लावल्या आणि बाहेर पायरीवर येऊन भावाच्या घरी फोन लावला.

"बाबा, ती उंटाची गोष्ट. मी झोपल्यावर तुम्ही पुढं सांगायचात का हो?"

"मी?" बाबा म्हणाले. "अगं, तुझ्याआधी मीच झोपायचो. मला वाटायचं, शेवट तू लावत असशील."

बाई हसत पायरीवरच बसल्या.

"सांग की," बाबा म्हणाले. "लागली का त्याला नोकरी?"