धाकट्याची खंडेनवमी

मित्रांनो, मी एक जुना हायड्रॉलिक पॉवरपॅक आहे आणि मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटत होता, हे आधीच कबूल करतो. तेलाची टाकी, मोटर आणि पंप, एवढाच माझा संसार. मी तेल दाबून नळ्यांतून पाठवतो, तेव्हा कुठे शेजारचा प्रेस लोखंड वाकवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आकाराम मिस्त्रींनी मला चौदा वर्षांपूर्वी जोडले. सुरुवातीला ते येणाऱ्याजाणाऱ्याला मला कौतुकाने दाखवत. पुढे माझ्या टाकीवर लोक जेवणाचे डबे ठेवू लागले.

यंदा मिस्त्रींनी मासेमारी बोटीवर जाळे ओढण्यासाठी नवा पॅक बनवला, तोच माझा धाकटा. पांढराशुभ्र! मिस्त्री त्याला स्वतःच्या बाहीने पुसत. मला मात्र चिंधीही महाग. माझा नुसता जळफळाट झाला.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. मला घाईत बोटभर कुंकू, त्याला झेंडूचा भला मोठा हार! धाकट्याच्या टाकीत तेल भरून झाले होते, टोपण लावायचे राहिले होते आणि मिस्त्री नारळ फोडायला वळले. कारखान्याच्या मालकांच्या आई, आक्का, पूजेचे ताट घेऊन हौसेने पुढे आल्या.

"समुद्रावर निघालंय लेकरू. पोटात बी देवाचं जाऊ दे की!" म्हणत त्यांनी मूठभर अक्षता टाकीत सोडल्या. पाहिले फक्त मी. मला ओरडता येत नाही. पण आले असते तरी मी ओरडलो नसतो.

दसरा झाल्यावर गिऱ्हाइकासमोर चाचणी झाली. तांदळाने गाळणी तुंबली, धाकटा किंचाळला आणि बंद पडला. मला गुदगुल्या झाल्या. मालक उदयसिंह मात्र कडाडले, "मिस्त्री, काय घाण गेली आत? टोपण उघडं कुणी ठेवलं?"

मिस्त्रींनी गाळणी काढली. लाल तांदूळ पाहताच ते काय समजायचे ते समजले. त्यांनी मूठ झाकली.

"माझंच चुकलं, मालक."

"मग बोटीची कामं आता तुम्हाला न्हाईत. जुना प्रेस बघा."

माझ्या गुदगुल्या तिथेच विरल्या. धाकट्याचे तेल माझ्याच गाळणीतून फिरवून स्वच्छ केले. दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत होऊन ट्रकमधून गेला.

आता मिस्त्री दिवसभर माझ्यापाशी असतात, मला पुसतात. पुसता पुसता विचारतात, "बोट निघाली असंल का रं?"

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण टोपण लावून. आणि दुसऱ्याचे कौतुक मोडून आपल्याला मिळावे, असे मनात आणू नका. कधीकधी ते खरेच मिळते.